वाऱ्याचं भाडं

माझ्या हिशेबाच्या वहीत कांद्याच्या पानावर पाच रकाने असायचे. गोण्या, वजन, भाडं, घट आणि आडतदाराची, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाची, पट्टी (विक्रीचा हिशेब). जून २०२४ मध्ये मी रेघ ओढून सहावा रकाना आखला आणि त्याच्यावर लिहिलं, 'दिवस'. तोपर्यंत मला वाटायचं, भाडं कमी लागलं की झालं.

आम्ही नांदगाव तालुक्यातले. मनमाड जवळ आहे, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हापासून रात्री मालगाडीचा आवाज ऐकतच झोपते. अकरा घरांचा आमचा गट आहे. उन्हाळ कांदा एकत्र करून लांबच्या बाजारात पाठवतो. शेतातलं सगळे मिळून बघतात. फोन, कागदपत्रं आणि हिशेब माझ्याकडे. आमचा बराचसा माल कोलकात्याच्या पोस्ता बाजारात जातो. तिथल्या आडतदाराची ओळख माझ्या सासऱ्यांपासूनची.

ट्रकचं काम आम्हाला तोंडपाठ आहे. ट्रान्सपोर्टवाल्याला दुपारी फोन केला की रात्री नऊ-दहाला बारा टायरची गाडी कांदा साठवायच्या चाळीपाशी उभी. हमालांची टोळी येते, ५० किलोच्या ५०० गोण्या चढतात, म्हणजे २५ टन. वरून ताडपत्री, दोरखंड, बिल्टी (मालाची पावती) हातात, ऐंशी टक्के भाडं आगाऊ, बाकीचं माल उतरल्यावर. त्या उन्हाळ्यात कोलकात्याचं भाडं एका गाडीला १ लाख ३२ हजार ५०० पडत होतं, म्हणजे किलोला ५ रुपये ३० पैसे. पाचव्या दिवशी गाडी पोस्त्याच्या आसपास पोहोचते, रात्री आत शिरते, पहाटे माल विक्रीला. गोणी एकदा आमच्याकडे उचलली जाते आणि एकदा तिकडे. मध्ये तिला कोणी हात लावत नाही. वाटेत काही झालं तर ड्रायव्हरचा फोन येतो. एकदा छत्तीसगडमध्ये गाडीचा पाटा तुटला तर त्या माणसाने रात्रभर जागून ताडपत्री बाजूला केली, का तर कांदा गरम होईल. हे भाड्याच्या पावतीवर कुठे लिहिलेलं नसतं, पण आम्ही त्याचेही पैसे देत असतो.

रेल्वेशी माझी पहिली गाठ किसान रेलमुळे पडली. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. १,५१९ किलोमीटर, पावणेबत्तीस तासांत. मनमाडला थांबा होता. मनमाड ते दानापूर टनाला ३,८४९ रुपये असा दर सुरुवातीला जाहीर झाला आणि ऑक्टोबरपासून फळं-भाजीपाल्याला निम्म्या भाड्याचं अनुदान मिळू लागलं. किलोला दोन रुपयांच्याही आत पाटण्याच्या दारात! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किमान मालाची अट नव्हती. आमच्यातल्या एका घराने दोनच टन लाल कांदा पाठवला, ४० गोण्या. दोन टनांसाठी कुठलाही ट्रकवाला फिरकत नाही. तो कांदा एरवी गावातच पडत्या भावात जातो. त्या घरातल्या आजींनी मनमाडच्या फलाटावर उभं राहून आपल्या गोण्या डब्यात चढताना पाहिल्या, ते मला अजून दिसतं.

अडचणी होत्या. थांबा थोडा, हमाल कमी, तिकडे माल वेळेत सोडवायला आपला माणूस लागायचा. तरी ती सोय होती, आणि लहान शेतकऱ्याची होती. २०२२ मध्ये ते निम्म्या भाड्याचं अनुदान थांबलं आणि आमच्या भागातल्या त्या गाड्याही थांबल्या. मला याचं मनापासून वाईट वाटतं. अनुदानाशिवाय पूर्ण भाडं ३ रुपये ८५ पैसे होत होतं, तेसुद्धा ट्रकपेक्षा स्वस्तच होतं. नेमका दिवस आणि नेमकी वेळ टिकली असती तर आमच्यासारख्यांनी पूर्ण भाडं भरून माल पाठवला असता.

त्यानंतर दोन वर्षांनी कंटेनरचा विचार डोक्यात आला. मे २०२४ मध्ये निर्यातबंदी उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क होतंच, त्यामुळे देशातल्या लांबच्या बाजारांवरच भिस्त होती. एका बुकिंग एजंटने फोनवर सांगितलं, वीस फुटी कंटेनर, रेल्वेने कोलकात्याजवळच्या टर्मिनलपर्यंत, चढ-उतार धरून ४६ हजार. मी लगेच वहीत मांडलं. डब्याची वजन पेलायची ताकद बावीस टनांच्या वर. ४६ हजार भागिले बावीस टन, म्हणजे किलोला दोन रुपये दहा पैसे. इकडचा-तिकडचा ट्रेलर आणि हमाली धरली तरी सव्वातीनच्या पुढे जाणार नाही. ट्रकच्या ५ रुपये ३० पैशांपुढे हा आकडा पाहून रात्री झोप आली नाही.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, बावीस टन कांदा त्या डब्यात बसतो का, ते आधी बघा."

बसत नाही. वीस फुटी डब्याच्या आत साधारण ३३ घनमीटर जागा असते. सिमेंट किंवा साखर भरली तर जागा संपायच्या आधी वजन भरतं. कांद्याचं उलटं. गोणीतला कांदा फुगीर, मधे पोकळ्या, त्यात आणखी मधोमध हातभर रुंद गल्ली सोडायची, वर छतापाशी हातभर जागा, खाली लाकडी फळ्या. आम्ही खूप जुळवाजुळव केली तरी एका डब्यात २८० गोण्या बसल्या. १४ टन. त्याहून जास्त कोंबला असता तर पोहोचेपर्यंत कढी झाली असती. मी एजंटला विचारलं, माल कमी आहे, भाडं कमी करता का? ते म्हणाले, "ताई, भाडं डब्याचं आहे. त्यात तुम्ही काय आणि किती भरता, ते तुमच्याकडे." रेल्वेचे दर वजनाच्या टप्प्यांवर ठरतात, एक टप्पा खाली आलं तर थोडा फरक पडतो, पण माझ्या ४६ हजारांत तो आधीच धरलेला होता.

कांद्याला वारा लागतो, आणि बंद डब्यात त्या वाऱ्याच्या जागेचंही भाडं आपणच भरतो. ट्रकला चारी बाजूंनी वारा फुकट मिळतो, वर गोण्यांची थप्पी फाळक्यांच्याही वर नेता येते. दोन्हीकडचा किलोचा दर मांडताना मी हा वारा धरलाच नव्हता.

तरी दोन कंटेनर पाठवायचं ठरवलं. एकदा करून बघितल्याशिवाय वहीत खरा आकडा येत नाही.

ट्रेलर आला तोच मोठ्या रस्त्यावर अडला. दोन डबे लादलेला चाळीस फुटी ट्रेलर आमच्या चाळींकडे वळणाऱ्या शिवाररस्त्याला वळेना, वर विजेच्या तारा लोंबलेल्या. मग ५६० गोण्या चाळीतून ट्रॅक्टर-ट्रॉलीत, ट्रॉलीतून डब्यात. प्रत्येक गोणीला एक जास्तीचा हात लागला आणि साडेचार हजार वाढले. डबे आधी आतून तपासले. एकात पूर्वीच्या मालाचा उग्र वास होता, तो धुऊन, वाळवून घेतला. दार लावून आत उभं राहिलं की कुठून उजेड येतो ते दिसतं; कोरड्या मालाला तो दोष, आम्ही मात्र थोडा उजेड दिसावा म्हणून डोळे फाडून बघत होतो. सील लागलं. संध्याकाळी डबे ऐंशी किलोमीटरवरच्या टर्मिनलवर उतरले.

आणि तिथेच राहिले. कंटेनरची पूर्ण गाडी म्हणजे ४५ वाघिणी (मालगाडीचे वॅगन), त्यावर वीस फुटी ९० डबे. तेवढे जमल्याशिवाय गाडी सोडणं टर्मिनलवाल्यांना परवडत नाही, कारण रेल्वेला पैसे तर पूर्ण गाडीचे मोजावे लागतात. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. "आज निघेल" असं ऐकत चार दिवस गेले. पावसाच्या आधीचं जूनचं ऊन, डांबरी-काँक्रीटचं आवार, बंद लोखंडी डबा. पाचव्या दिवशी गाडी निघाली. प्रत्यक्ष प्रवास साडेतीन दिवसांचा, म्हणजे रेल्वेने ट्रकपेक्षा लवकरच नेलं, हे मी आवर्जून लिहिते. मग पलीकडच्या टर्मिनलवर रांग, अवजड गाड्यांना दिवसा शहरात बंदी, स्थानिक ट्रेलरची जुळणी. माल आडतीवर उतरला अकराव्या दिवशी.

आडतदाराचा फोन आला. "भाभीजी, माल गरम आया है." कांद्याच्या धंद्यात 'माल गरम' या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळतो. घाम सुटलेला, वरच्या थरातल्या गोण्यांत कोंब, पापुद्र्याखाली काळी बुरशी. त्यांनी पोरं लावून सगळा माल निवडून विकला, त्यांचे उपकारच.

हिशेब असा पडला. ट्रॅक्टर आणि जादा हमाली ४,५००. इकडचा ट्रेलर १८,०००. दोन डब्यांचं रेल्वे आणि चढ-उतारीचं ९२,०००. तिकडचा ट्रेलर १६,०००. एकूण १ लाख ३० हजार ५००, माल २८ टन, किलोला ४ रुपये ६६ पैसे. हाच माल ट्रकने १ लाख ४८ हजार ४०० मध्ये गेला असता. म्हणजे भाड्यात वाचले १७ हजार ९००. ट्रकमध्ये नेहमीची घट तीन टक्के, २८ टनांना ८४० किलो. डब्यात घट आणि सड मिळून १,९४० किलो गेला. जास्तीचे ११०० किलो, भाव २८ रुपये, म्हणजे ३० हजार ८००. वाचवले त्यापेक्षा १२ हजार ९०० जास्त घालवले. निवडाईचे पैसे आणि हलका भाव मिळालेल्या गोण्या यात धरलेल्या नाहीत.

गटाच्या बैठकीत हा कागद मी मोठ्याने वाचला. कोणी रागावलं नाही. एका काकांनी एवढंच विचारलं, "चार दिवस उभा राहिला नसता तर?" त्या प्रश्नामुळे तो सहावा रकाना आला. अकरा दिवसांपैकी डबा चालत्या गाडीवर होता साडेतीन दिवस. बाकी सगळा वेळ तो उभा होता. घटीचं कारण उभं राहणं आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'कांदा एक्सप्रेस' लासलगावहून दिल्लीला गेली, सरकारी साठ्यातला कांदा घेऊन. ४२ वाघिणी, १,६०० टन. सरकारने तेव्हा आकडे जाहीर केले: एका रेकचं, म्हणजे पूर्ण मालगाडीचं, भाडं ७० लाख २० हजार, तोच माल ५६ ट्रकांनी नेला तर ८४ लाख. मी तेही वहीत उतरवून घेतले. रेल्वेने किलोला ४ रुपये ३९ पैसे, ट्रकने ५ रुपये २५ पैसे. किलोमागे ८६ पैसे वाचले. पण १,६०० टनांना ४२ ने भागा: एका वाघिणीत ३८ टन. धान्या-सिमेंटचे साठ टन जिथे भरतात तिथे कांदा अडतीस. तिथेही वारा बसलेला आहे, आणि तरीही रेल्वे स्वस्त पडली, कारण ती गाडी कोणाची वाट बघत उभी राहिली नाही. एकाच मालकाचा माल, एकाच ठिकाणी चढला, एकाच ठिकाणी उतरला.

एकरी शंभर क्विंटल धरले तर १,६०० टन म्हणजे १६० एकरांचा कांदा. तो एकाच दिवशी मालधक्क्यावर आणायचा, रेकचा इंडेंट (मागणी अर्ज) भरायचा, ठरलेल्या तासांत चढवायचा, उशीर झाला तर डेमरेज, म्हणजे दंड. मोठे व्यापारी हे करतात. पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत, मनमाड-लासलगावच्या मालधक्क्यांवरून पूर्वेकडे रेक जातातच. अकरा घरांच्या गटाला ते झेपत नाही. रेल्वेचा स्वस्तपणा मोठ्या ढिगाला मिळतो, लहान ढिगाला ट्रक मिळतो. कंटेनर हा या दोघांमधला पूल व्हायला हवा होता. १४ टन म्हणजे आमच्या एका-दोन घरांचा माल, कोणालाही जमणारा. म्हणून मला तो सोडून द्यावासा वाटला नाही.

माझा भाऊ दिंडोरीकडे द्राक्षं करतो. त्याचा माल चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमधून न्हावाशेव्याला जातो, पण ट्रेलरवरून, रस्त्याने. मी त्याला विचारलं, तू रेल्वेचा का विचार करत नाहीस? तो म्हणाला, "ताई, दोनशे किलोमीटर. रात्री पॅकहाउसमधून निघाला की सकाळी बंदरात. रेल्वेने न्यायचा तर आधी टर्मिनलला न्या, उचला, ठेवा, परत उचला. त्या दोन उचलींच्या पैशात मी बंदरात पोहोचलेला असतो." बरोबर आहे त्याचं. अंतर कितीही असो, रेल्वेच्या दोन्ही टोकांचा खर्च तोच राहतो, तो वसूल व्हायला मधला पल्ला लांब लागतो. रीफरला तर वाटभर वीजही पुरवावी लागते. आंध्रातल्या ताडिपत्रीहून जानेवारी २०२० मध्ये केळीचे ४३ रीफर एकाच गाडीने जेएनपीटीला, म्हणजे त्याच न्हावाशेव्याच्या बंदरात, आले, तेव्हा ते जमलं, कारण पल्ला लांब होता आणि एकाच पिकाचे ४३ डबे एकाच दिवशी तयार होते.

एप्रिल २०२५ मध्ये आम्ही पुन्हा पाठवला. या वेळी शेजारचे दोन गट बरोबर घेतले, चार डबे, ५६ टन. एजंटला पहिल्याच फोनवर सांगितलं, भाडं नंतर बोलू. गाडीत ७० डबे लागले की मला कळवा, त्या संध्याकाळी मी भरते, त्याआधी नाही. ते आधी कुरकुरले, मग तयार झाले, कारण चार डबे एकदम मिळत होते. माल रस्त्यालगतच्या एका खळ्यावर आधीच निवडून, सुकवून ठेवला होता. ट्रेलर थेट तिथे लागला, ट्रॉलीचा फेरा वाचला. गोल्टी (बारीक) आणि जोड कांदा बाजूला काढला, मान नीट वाळलेलाच माल भरला. एप्रिलची हवा कोरडी, तिचाही हात लागला. टर्मिनलवर डबे एक रात्र आणि एक दिवस राहिले. सातव्या दिवशी माल आडतीवर.

एका डब्याचा खर्च ६३ हजार ५००: रेल्वे ४६,५००, इकडचा ट्रेलर ९,०००, तिकडचा ८,०००. चारही डब्यांचे २ लाख ५४ हजार. त्यातले दोन डबे आमच्या भागात कोलकात्याहून बारदान घेऊन आलेले होते. ज्यूटच्या गोण्यांच्या गिरण्या हुगळीकाठी, तिथून गोण्या आमच्याकडे येतात. डबा भरून आलेला असला तर त्याला रिकामं परत न्यायचा बोजा पुढच्या भाड्यावर पडत नाही. हे मला खळ्यावरच्या बारदानवाल्याकडून कळलं होतं, ते धरून मी एजंटशी घासाघीस केली, आणि त्या दोन डब्यांमागे तीन-तीन हजार कमी झाले. एकूण २ लाख ४८ हजार, किलोला ४ रुपये ४३ पैसे. ट्रकचा दर तेव्हा ५ रुपये २५ पैसे चालला होता, म्हणजे ५६ टनांना २ लाख ९४ हजार. घट ३.४ टक्के आली. जास्तीच्या सव्वादोन क्विंटलचे साडेतीन हजार वजा केले तरी साडेबेचाळीस हजारांच्या जवळ वाचले. किलोमागे ७५ पैसे. त्या महिन्यात आमच्याकडे कांद्याला क्विंटलला हजार-बाराशेच्या आसपास भाव होता. ज्यांना ७५ पैसे किरकोळ वाटतात, त्यांनी त्या भावात एक एकर कांदा काढून बघावा.

पावसाळ्यात मी अजूनही डबा घेत नाही, ट्रकच लावते. एजंटला मी दोनदा म्हटलं आहे की, बाजूला जाळी असलेले, वारा खेळणारे डबे आणा, नाशिक जिल्ह्यात त्यांना माल कमी पडणार नाही. निफाडच्या ड्रायपोर्टबद्दल, म्हणजे तिथे व्हायच्या कंटेनरच्या मोठ्या टर्मिनलबद्दल, वर्षानुवर्षं ऐकते आहे. तो झाला तर ऐंशी किलोमीटरचा ट्रेलर वाचेल आणि डबे जमायला चार दिवस लागणार नाहीत, या दोन गोष्टींसाठी मला तो हवा आहे.

बारदानवाल्याचे पुढचे तीन डबे येत्या आठवड्यात यायचे आहेत. कोणत्या दिवशी रिकामे होतील, ते त्याला विचारून ठेवलं आहे. खळ्यावर निवड सुरू आहे.